नातू हुशार आहे पण वाचता येत नाही. बडोद्यात अशी आणखी घरं आहेत का?

जुळारी_बडोदा

नमस्कार मंडळी. फोनवर एका बोटानं टाइप करतोय, चूकभूल द्यावी घ्यावी. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं, माझी कुणी काढली तर राग नाही.

मी दांडिया बाजारात राहतो. पस्तीस वर्षं छापखान्यात गेली. आधी खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवायचो, ऑफसेट आलं तसा प्रूफं वाचायला बसलो. मराठी आणि गुजराती दोन्ही. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, गणेशोत्सवाच्या स्मरणिका. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं मला दुकानाच्या पाटीवरही खुपतं. सूनबाई म्हणते, बाबांबरोबर बाजारात जायला नको. आता अशा माणसाच्या नातवालाच वाचता येऊ नये, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

पोरगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत, सीबीएसईच्या शाळेत. मंद मुळीच नाही. अफझलखानाची गोष्ट एकदा सांगितली होती. आठ दिवसांनी पुन्हा सांगताना मी घाई केली, तर म्हणाला, ‘आजोबा, तुम्ही सय्यद बंडा विसरलात.’ कुकरची शिट्टी का अडकते हे मला त्यानं समजावलं. पण पुस्तक उघडलं की वेगळाच मुलगा. परवा ‘किनारा’ शब्द आला. बोट ठेवलं, ‘क... ना... कानि...’ आणि थांबला. मग माझ्या लक्षात आलं की तो पानाकडे कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त बघतोय. माझ्या भुवया हलल्या की शब्द बदलायचा. असे चार शब्द बदलून झाले आणि म्हणाला, पाणी पिऊन येतो.

घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी आणि हिंदी, वर गुजरातीचा तास. 2023 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीचं झालंय. म्हणजे एवढ्याशा जिवाला तीन लिप्या. त्यात गुजरातीला शिरोरेघ नाही. गुजराती पाचाचा आकडा आणि गुजराती ‘प’ यांत काडीचा फरक नाही, तसंच दोनाचा आकडा आणि ‘र’. वहीत ‘पाच पेन’ असं आकडा घालून लिहिलं होतं, यानं वाचलं ‘प पेन’. बाईंनी त्याला वर्गात उभं करून परत वाचायला लावलं. मुलं हसली. खरं सांगतो, नुसता ठसा बघितला तर तो चुकला नव्हता.

खिळे जुळवताना आम्हालाही हा घोळ पहिल्या वर्षी व्हायचा. तोंडानं म्हणताना ‘क’ आधी, ‘इ’ मागून. स्टिकमध्ये, म्हणजे खिळे ओळीनं लावायच्या पट्टीत, मात्र वेलांटी आधी ठेवायची, मग क. हात आणि जीभ उलट्या दिशेनं चालतात. आम्हाला पगार होता म्हणून शिकलो. म्हणून माळ्यावरून माझी जुनी खिळ्यांची पेटी काढून त्याला दिली. खूश आहे, तासन्‌तास घेऊन बसतो.

शाळेनं सांगितल्यावर सूनबाईनं सायकॉलॉजिस्टकडून तपासणी करून घेतली. रिपोर्टमध्ये डिस्लेक्सिया लिहिलं आहे, म्हणजे हुशार असूनही वाचायला-लिहायला अडणं. माझ्या मुलानं तो रिपोर्ट लाइटबिलांच्या ड्रॉवरमध्ये टाकला. म्हणतो, ‘आळशी आहे, दुसरं काही नाही.’ दोन ट्यूशन लावल्यात, संध्याकाळचं क्रिकेट बंद. सूनबाई मध्ये सापडली आहे.

विचारायचं एवढंच. बडोद्यात अशी मुलं असलेली घरं एकमेकांना भेटतात का? त्या रिपोर्टचं पुढे काय करायचं? आणि मुलाच्या बापाला कसं वळवायचं? तिसरं जमलं तर पहिली दोन मी करून घेईन.

रोखठोक

आजोबा, रागावू नका, पण आमच्या वेळी असलं काही नव्हतं. दोन फटके बसले की सगळ्यांना वाचता यायचं. हल्ली प्रत्येक गोष्टीला इंग्रजी नाव. शंखपुष्पी सिरप चालू करा आणि मोबाइल बंद करा.

चौथा_बाक

बोलून टाइप करतोय त्यामुळे विरामचिन्हं तुम्ही तुमची घाला. रोखठोक साहेब तुमच्या वेळी म्हणजे कधी. 1896 साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लिश डॉक्टरनं चौदा वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहून ठेवलंय की हुशार आहे पण वाचता येत नाही आणि त्याचे मास्तर म्हणत की सगळं तोंडी शिकवलं असतं तर हाच शाळेत पहिला आला असता. तेव्हा मोबाइल नव्हता. फटके मला पण बसले बरं का. वाचायला नाही आलं, मार चुकवायला आलं. पोटात दुखणं, पाणी पिऊन येणं, वही विसरणं, सगळं माझं करून झालंय. आजोबा तो पाणी प्यायला जात नाही, पळून जातोय.

माझ्यासाठी सगळ्यात वाईट काय होतं सांगू का. ओळीनं उभं राहून वाचायचं. माझा नंबर अकरावा असायचा तर मी आधीच मोजून अकरावा परिच्छेद शोधायचो आणि शेजाऱ्याकडून ऐकून पाठ करायचो. मग बाई मध्येच म्हणायच्या, आता शेवटच्या बाकापासून. शाळेत जाऊन एवढं एकच मागा की वर्गात मोठ्यानं वाचायला उभं करू नका. याला सर्टिफिकेट लागत नाही. आणि क्रिकेट चालू करा, प्लीज. मला चित्रकला होती म्हणून मी टिकलो. आता पॅकेजिंग डिझाइन करतो. अक्षरं सुंदर काढतो. स्पेलिंग दुसरा बघतो.

मांजलपूरची_आई

काका, भेटतात. आम्ही सहा-सात घरं आहोत, संस्था वगैरे काही नाही, नोंदणी नाही, वर्गणी नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी कमाटी बागेत, फुलांच्या घड्याळापाशी. दोन मराठी घरं, बाकी गुजराती, एक सिंधी. मुलं खेळतात आणि आम्ही रडगाणी गातो असं सुरुवातीला होतं. आता थोडं शहाणपण आलंय. मोठी भावंडं लेखनिक होऊन बसतात आणि आमची मुलं उत्तरं सांगायचा सराव करतात. हे सोपं नसतं. लेखनिक मिळाला म्हणजे झालं असं आम्हालाही वाटायचं. पण दुसऱ्याला सांगून लिहून घ्यायचं तर वाक्य आधी डोक्यात पूर्ण करावं लागतं, ‘इथे नवीन परिच्छेद’ म्हणावं लागतं, आकृती कुठे काढायची ते शब्दांत सांगावं लागतं. माझी मुलगी पहिल्या दिवशी पाच मिनिटांत रडायला लागली होती. आता बारावीत आहे, भावाला ‘जरा नीट लिही, मार्क माझे जातायत’ असं दटावते.

रिपोर्टचं सांगते. खाजगी सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट म्हणजे सरकारी प्रमाणपत्र नव्हे, यात आमचं एक वर्ष गेलं. 2016 च्या दिव्यांगजन कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता येते. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या साइटवर अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात बोलावतात. मूल आठ वर्षांचं झाल्याशिवाय हे प्रमाणपत्र देत नाहीत. तुमचा नऊचा आहे, म्हणजे वेळेवर आहात. आम्हाला आधी हाडांच्या रांगेत उभं केलं. दोन तासांनी खिडकीवरचा माणूस मुलीकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, ‘आने शुं थयुं छे? सारी तो छे.’ म्हणजे हिला काय झालंय, चांगली तर आहे. मुलगी दहा वर्षांची, सगळं समजत होतं. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. म्हणून सांगते, पहिल्या खेपेला मुलाला नेऊ नका. तुम्ही जा, कुठल्या वारी, कुठल्या खोलीत, कोणते कागद ते विचारून या.

सीबीएसईत दहावी-बारावीला तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त मिळतो, लेखनिक मिळतो, तिसऱ्या भाषेतून सूट मागता येते, दोनऐवजी एकच भाषा घेता येते. साधा कॅल्क्युलेटरही मिळतो. दहावीचं आत्ता कशाला असं वाटेल, पण शाळा आयत्या वेळी जुने कागद मागते. चौथीपासूनची पत्रं फाइलला लावा. पत्र द्यायचं ते दोन प्रतींत, आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेऊनच परत यायचं. ‘मॅडमला सांगितलंय’ याला शून्य किंमत. आमच्या शाळेनं एकदा जादा वेळ देतो म्हणून दिलाच नाही, तेव्हा ती शिक्क्याची प्रतच कामाला आली. 2021 मध्ये नीटच्या परीक्षेत लेखनदोष असलेल्या एका विद्यार्थिनीला जादा तास नाकारला होता, तिच्या बाजूनं सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. त्याची प्रत आमच्या ग्रुपवर आहे, मुख्याध्यापकांना दाखवायला बरी पडते.

गुजरातीचं म्हणाल तर आम्ही भांडलो नाही. धडे तोंडी घ्या, आकडे इंग्रजी लिहू द्या, शुद्धलेखनाचे मार्क कापू नका, एवढंच लेखी मागितलं. मिळालं.

आता बापांचं. आमच्याकडेही येत नाहीत. आले तर बाकावर बसून फोन बघतात. माझे मिस्टर सहा महिने फक्त गाडी पार्क करायला यायचे. त्यांना कुणी समजावलं नाही, समजावलं असतं तर तेही बंद झालं असतं. एक दिवस दुसऱ्या एका बाबांनी विचारलं, शेव-उसळ खायला येता का. दोघं गेले. तिथे काय बोलले ते मला आजतागायत माहीत नाही. काका, तुम्ही मुलाला एवढंच सांगा की रविवारी मला बागेत सोडायचंय, गुडघे दुखतात.

बाराखडी_ताई

मी नाशिकची, विशेष शिक्षिका आहे, तेवीस वर्षं हेच काम. सगळ्यात आधी तातडीचं: आजोबा, ती खिळ्यांची पेटी आजच्या आज उचला. खिळे शिशाचे असतात. शिसं मुलांच्या मेंदूला घातक आहे आणि ते हातावरून तोंडात जातं. जिथे बसून खेळला ती जागा ओल्या फडक्यानं पुसून घ्या, झाडू मारू नका, भुकटी उडते. बालरोगतज्ज्ञांना सांगा, वाटलं तर ते रक्त तपासतील. घाबरवत नाही, पण यात आजचं उद्यावर नको. शिवाय खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं! ज्याला सुलट अक्षर पक्कं बसलेलं नाही त्याच्या हातात तुम्ही आरसा दिलात.

कल्पना मात्र तुमची बरोबर आहे, अक्षर हाताला लागलं पाहिजे. ताटात रवा पसरा. ‘किनारा’ आधी कानानं: कि, ना, रा, तीन टाळ्या. मग ‘कि’ ताणून म्हणायचा, क् आणि इ वेगळे ऐकू येईपर्यंत. मग बोटानं रव्यात क काढायचा, नंतर त्याच्या डावीकडे वेलांटी, आणि काढताना आवाज तोंडानं चालू. डोळा, कान, जीभ, बोट सगळी एकाच वेळी कामाला. तुम्ही स्टिकमधलं जे लिहिलंत ना, हात आणि जीभ उलट्या चालतात, ते मी माझ्या विद्यार्थिनींना वाचून दाखवलं. देवनागरीत आमच्या मुलांची नेमकी अडचण तीच. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ शेजारी शेजारी शिकवू नका, एक पक्कं झालं की दुसरं. रोज पंधरा मिनिटं, त्याच्यावर एक मिनिट नको. गुजराती आणि मराठी एकाच बैठकीत नको.

तपासणी फक्त इंग्रजीतून झाली असेल तर मराठीतूनही करून घ्या. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं ‘डाली’ नावाची चाचणी बनवली आहे, तिच्यात हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी आहे. घरची भाषा मराठी असलेल्या मुलाला इंग्रजीतच अडकलेलं बघून काही ठरवणं अर्धवट होतं. कान आणि डोळे तपासले नसतील तर तेही. पण रंगीत काचांचे चष्मे, मेंदूचे व्यायाम, सिरप यांवर पैसे घालू नका. डिस्लेक्सिया डोळ्यांचा आजार नाही.

वहीत लाल पेन नको. हे तुम्हाला जड जाईल, कल्पना आहे!

आणि एक विचारू? हे बऱ्याचदा घराण्यात असतं. तुमच्या मुलाचं शाळेत कसं होतं?

जुळारी_बडोदा

ताई, पेटी त्याच रात्री पिशवीत बांधून घराबाहेर काढली, एका जुन्या मित्राच्या बंद गोदामात ठेवली. फरशी सूनबाईनं ओल्या फडक्यानं दोनदा पुसली. डॉक्टरांनी रक्त घेतलंय, रिपोर्ट यायचा आहे. पस्तीस वर्षं मी त्या खिळ्यांत जेवलो, एकाच हातानं चहा आणि खिळे. कुणी सांगितलं नव्हतं. रव्याचं ताट चालू केलंय. पहिले दोन दिवस त्यानं रवा खाल्लाच जास्त.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर तीन दिवस गप्प होतो.

माझा मुलगा दहावीला दुसऱ्या खेपेस पास झाला. मराठी शाळेत होता. ‘पाणी’ जन्मात कधी त्यानं सारखं लिहिलं नाही, एका पानात तीन तऱ्हा. मी छापखान्यातून येऊन त्याची वही घ्यायचो, आणि गॅली प्रूफावर करतात तशा समासात खुणा करायचो. मग चुकलेला प्रत्येक शब्द पंचवीस वेळा. पंचवीस वेळा लिहून सव्विसाव्या वेळी चुकला की फूटपट्टी. लाकडी, बारा इंची, तिला पितळी कड होती. मला वाटायचं मुद्दाम करतो, माझ्या धंद्यावर चिडून. मी त्याला आळशी म्हणायचो. हाच शब्द. आता तो आपल्या पोराला म्हणतो तेव्हा आवाजही माझाच लागतो.

पुढे आयटीआय केलं, आज कंपनीत मेन्टेनन्सला सुपरवायझर आहे. मोटारीचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय की वाइंडिंग ते सांगतो. पण मेसेज कधी लिहीत नाही, बोलून पाठवतो. हॉटेलात गेलो की मेनूकार्ड सूनबाईकडे सरकवतो आणि ‘तू घेशील तेच मला’. बँकेचे फॉर्म ती भरते. मी हे सगळं वर्षानुवर्षं बघत होतो आणि म्हणायचो, बायकोवर किती अवलंबून.

1906 साली सयाजीराव महाराजांनी सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, हे मी स्मरणिकांमध्ये निदान वीस वेळा जुळवलं असेल. दर वेळी ऊर भरून यायचा.

परवा रात्री गॅलरीत त्याला म्हटलं, तुझ्या लहानपणी माझं चुकलं. फूटपट्टीचं. तो म्हणाला, ‘जाऊ द्या बाबा. जिन्यातला दिवा गेलाय वाटतं, बघून येतो.’ दिवा चालू होता.

मांजलपूरची_आई

काका, रविवारी या. गुडघ्यांचं विसरू नका.

रोखठोक

आजोबा, माझं वरचं बोलणं मागे घेतो. शंखपुष्पीचंही.

जुळारी_बडोदा

रविवारी जाऊन आलो, सांगायचं राहिलं होतं. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, डॉक्टर म्हणाले काळजी नको.

मुलानं स्कूटरवर सोडलं. स्वतः फाटकापाशी उभा, हेल्मेट डोक्यावर तसंच. नातू आत गेल्या गेल्या दुसऱ्या दोन पोरांत मिसळला. त्यातल्या एकानं विचारलं, ‘तुला पण?’ हा म्हणाला, ‘हो, मला पण,’ आणि तिघं पळाली. एवढंच. एरवी नवीन मुलांत याला अर्धा तास लागतो.

मांजलपूरच्या ताईंनी माझ्या हातात फाइल दिली, पत्राचे नमुने होते. मी चष्मा लावून वाचतोय आणि वर बघतो तर चिरंजीव फाटकापाशी नाहीत. स्कूटर होती. ताई म्हणाल्या, मिस्टरही दिसत नाहीत, घाबरू नका. चाळीस मिनिटांनी दोघं आले. हेल्मेट हातात होतं, शर्टावर तर्रीचा डाग.

घरी येऊन जेवणं झाल्यावर तो माझ्या खोलीत आला. रिपोर्ट ड्रॉवरमधून काढून आणला होता. म्हणाला, ‘बाबा, शाळेचं पत्र करायचंय ना, तुम्ही लिहा, मी सांगतो.’ मी म्हटलं, सांग. त्यानं सांगितलं, मी लिहीत गेलो. मध्ये एकदा म्हणाला, ‘इथे नवीन परिच्छेद.’ तिथे शिकून आला असणार. मोठ्यानं वाचायला उभं करू नये, हा मुद्दा त्यानंच घातला, माझ्या डोक्यातून गेला होता. मग म्हणाला, आता वाचून दाखवा. दाखवलं. एक वाक्य बदलायला लावलं, आणि त्याचंच बरोबर होतं.

शेवटी सही केली. मराठीत करतो तो. दुसरी वेलांटी हवी तिथे पहिली आहे, पहिल्या पगारापासून तशीच आहे. मी पेन खिशाला लावलं.

क्रिकेट कालपासून चालू. पत्र सोमवारी दोघं मिळून द्यायला जाणार आहोत, दोन प्रती काढल्यात. शिक्का मिळाला की कळवतो.